सत्तावीस अंशांचं घर

६ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज लिहीत चला. बायकोने काय खाल्लं, किती झोपली, काय विसरली. मी म्हटलं, त्यापेक्षा काय आठवलं ते लिहितो, कागद कमी लागेल. त्या हसल्या नाहीत. म्हणून ही वही. कंपनीतून निवृत्त होताना आणलेली, चौकटीचौकटीची, आलेख काढायची. आणलेली म्हणजे, कुणाला न विचारता आणलेली.

काल ती परत बाहेर पडली. दोन महिन्यांतली तिसरी वेळ. मी आंघोळीला गेलो होतो, पाच मिनिटंही झाली नसतील. येऊन बघतो तर दार सताड उघडं.  मोठ्या रस्त्यावरच्या थांब्यावर सापडली, जिथून आमच्या कंपनीची बस सुटायची. पर्स काखेत, पायात दोन वेगवेगळ्या चपला. "बस चुकली वाटतं," म्हणाली. ती बस बंद होऊन अकरा वर्षं झाली.

संध्याकाळी मुलगी आली ती सगळं ठरवूनच. शहराबाहेर अशा माणसांसाठी एक निवास आहे, तिथे जागा होतेय, डिसेंबर संपायच्या आत कळवायचंय.

"बाबा, तुम्ही सदुसष्ट वर्षांचे आहात. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून कोण बसणार?"

"मी बसतो की."

"बसता ना? मग काल काय झालं?"

 शेवटी मीच तोडगा काढला. डिसेंबर संपेपर्यंत ती एकदाही एकटी बाहेर गेली नाही, तर ती घरीच राहील. गेली, तर मी निमूट कागदांवर सही करीन. मुलीने तळहात पुढे केला, मी टाळी दिली. ती लहान असताना आम्ही अशाच पैजा लावायचो. या वेळी हसू कुणालाच आलं नाही.

९ नोव्हेंबर

कुलूप लावून पाहिलंय. ती दार बडवत राहते. मागच्या वेळी नखातून रक्त आलं होतं. बाजारातला भोंगाही आणून पाहिला, दार उघडलं की बोंबलणारा. तो बोंबलला आणि ती कानांवर हात घेऊन जमिनीवर बसली, तासभर रडत होती. त्याच दिवशी परत केला.

मग मी स्वतः काय मेलोय? चाळीस वर्षं सर्किट आखली. आमची कंपनी वजनकाटे बनवायची. मी आखायच्या खोलीत, ती तपासणीत. हातात कायम व्होल्ट मोजायचं मीटर, म्हणून सगळे तिला मीटरबाई म्हणायचे. ती मला साहेब म्हणायची, कारण माझ्या खोलीला दोन पंखे होते आणि तपासणीला एकही नव्हता. लग्नानंतरही ते "साहेब" राहिलंच, आणि त्यातला टोमणाही.

तर ठरलं असं. बाहेरच्या जाळीच्या दाराला एक छोटी डबी. दार उघडलं की डबी आवाज न करता एक संदेश सोडेल आणि माझ्या खिशातली घंटी वाजेल. तिला कळणारही नाही.

१० नोव्हेंबर

सगळं आधी संगणकावर. आता कुणी पहिल्यांदा हातात तार घेत नाही. पडद्यावर सर्किट काढायचं. प्रत्येक भागाचं एक मॉडेल असतं, म्हणजे हा भाग कधी कसा वागेल हे गणितात लिहून ठेवलेलं. बनवणारेच ते देतात. सगळी मॉडेलं जोडली की संगणक सर्किट खोटंखोटं चालवून दाखवतो. भाग बसवायचा बोर्ड बनायच्या आधीच कळतं, चालणार की तोंडावर पडणार.

सकाळी बसलो तो दुपारी उठलो. जेवायचं विसरलो. ती मात्र विसरली नाही, तिने दोनदा खाल्लं. कितीतरी दिवसांनी मला दुसऱ्या कशाची तरी काळजी होती, आणि त्या काळजीला उत्तर होतं.

१४ नोव्हेंबर

चाललं! संगणकात दार दोनशे वेळा उघडलं, दोनशे वेळा संदेश गेला. पडद्यावरची रेघ प्रत्येक वेळी तशीच्या तशी उठली. एकही चूक नाही.

ती शेजारी खुर्ची ओढून बसली होती. पडद्यावरून बोट फिरवत फिरवत कोपऱ्यात थांबली.

"हा सेल कुठला?"

"तीन व्होल्टचा. नाण्याएवढा असतो बघ, चपटा."

"कुणी मोजला?"

"मोजायचा कशाला? संगणकाला माहीत आहे."

"संगणकाला हात आहेत का, साहेब?"

मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. पूर्वीची ती, अगदी पूर्वीची. गडबडीने मुलीला फोन लावला, म्हटलं ऐक तुझी आई काय म्हणाली. पण फोन तिच्या हातात देईपर्यंत ती माझ्याकडेच बोट दाखवून विचारत होती की हे गृहस्थ कोण, आणि ते जेवून जाणार का.

२० नोव्हेंबर

बोर्ड बनवायला पाठवले.

डॉक्टरीणबाईंसाठी नोंद: वस्तू फ्रीजमध्ये ठेवते. गेल्या महिन्यात चष्मा, मग टीव्हीचा रिमोट, एकदा माझी बनियन. आज तर कमाल झाली. मी आणलेले चारही सेल फ्रीजमध्ये, वाटीत, प्रत्येकाला दोरा आणि दोऱ्याला कागदाची चिठ्ठी. एका चिठ्ठीवर "सकाळी ८". बाकीच्यांवर नुसत्या रेघोट्या. मी सेल काढून पुसले आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवले. जरा चढ्या आवाजातच बोललो तिला. खेळणी आहेत का ही, म्हटलं. ती फ्रीजचं दार धरून उभी राहिली. काहीतरी सांगायचं होतं, शब्द सापडेना. असं झालं की मी दुसरीकडे बघतो.

२८ नोव्हेंबर

बोर्ड आले. आगपेटीएवढे. माझे हात आता थरथरतात, सोल्डरिंगची, म्हणजे डाख द्यायची, सळई धरली की टोक नाचायला लागतं. दोन भाग जाळले. मग ती आली, माझ्या हातातून चिमटा काढून घेतला आणि भाग जागेवर दाबून धरला. बोटं अशी स्थिर की कुणी म्हणणार नाही या बाईला काही झालंय. मी सोल्डर लावत गेलो, ती धरत गेली.  अठ्ठावीस भाग. लग्न झाल्यापासून आम्ही इतका वेळ न भांडता कधी बसलो नसू.

सेल घातला, चौकटीवर बसवायचा चुंबक दार उघडल्यासारखा डबीपासून लांब नेला, घंटी वाजली. पहिल्याच फटक्यात! जेवणाच्या टेबलावर बसून तीस वेळा वाजवून पाहिली. माझी छाती अशी काही फुगली होती की शर्टाची बटणं तुटली नाहीत हेच नशीब.

४ डिसेंबर

डबी जाळीच्या दाराला, बाहेरच्या अंगाला बसवली आहे. सहा दिवस, नऊ वेळा दार उघडलं, नऊ वेळा घंटी. दोनदा तर तीच निघाली होती, दुपारची. मी शांतपणे उठून गेलो, म्हटलं कुठे निघालात मीटरबाई, आज सुट्टी आहे. ती बरं म्हणून परत आली. ना आरडाओरडा, ना रडणं.

आज मुलगी आली. तिने स्वतः दार उघडून बघितलं, परत उघडून बघितलं. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही जिंकणार बहुतेक." निवासवाल्यांना तिने सांगून ठेवलंय, इतक्यात काही कळवत नाही.

आज मी दोन वर्षांनी न्हाणीघराची कडी लावून आंघोळ केली. घंटी साबणाच्या फळीवर ठेवली होती.

एक लिहायचं राहिलं. तिने जास्तीचे सेल परत फ्रीजमध्ये ठेवले होते. मी काढायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली. "अजून झालं नाही!" म्हणाली. काय झालं नाही, ते तिलाच ठाऊक. मी काढलेच. हात दिवसभर चुरचुरत होता, आणि खरं सांगायचं तर हातापेक्षा मन जास्त. इतकं सगळं मी करतोय ते कुणासाठी?

११ डिसेंबर

थंडी एकदम वाढली. तिला दोन स्वेटर घातले. तिने एक काढून खुर्चीला घातला.

१४ डिसेंबर

काल सकाळी ती गेली आणि घंटी वाजली नाही.

१५ डिसेंबर

रुग्णालयातल्या बाकावर बसून लिहितोय. क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

परवा सकाळी सहा वाजता मी आंघोळीला गेलो. कडी लावली. घंटी फळीवर होती, समोर, मी तिच्याकडे दोनदा पाहिलंसुद्धा. गरम पाणी सोडून निवांत अंग शेकत बसलो. वीस मिनिटं तरी. गुणगुणतही होतो, तेही लिहितो. बाहेर आलो तर अंगाला गार वारा लागला आणि तेव्हाच कळलं.

थांब्यावर नव्हती. दीड तास मी गल्ल्या पालथ्या घातल्या, ओल्या केसांनी. शेवटी एका टेम्पोवाल्याने तिला पाहिलं. थांब्याच्या अलीकडे जो खड्डा खणून ठेवलाय त्यात ती पडली होती. एका कुशीवर, स्वेटरशिवाय. खुब्याचं हाड मोडलंय. ती ओरडत नव्हती. टेम्पोवाला म्हणाला, मी विचारलं आजी कुठे जायचंय, तर म्हणाल्या कामाला.

१७ डिसेंबर

काल शस्त्रक्रिया झाली. छातीत कफ आहे. मला ओळखलं नाही, मुलीला आपली बहीण समजली.

बाहेर चहा घेताना मुलगी म्हणाली, "आईनेच सेल काढला असणार बाबा. तिला सवयच लागलीय त्या सेलांशी खेळायची. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका."

मी मान डोलावली.

सेल जागेवर होता. ती पडली त्याच दिवशी दुपारी घरी कपडे घ्यायला गेलो तेव्हा पहिल्यांदा तेच पाहिलं. सेल जागेवर होता, आणि दार उघडल्यावर घंटी वाजली. हे मी मुलीला सांगितलं नाही. का वाजली ते मला कळत नव्हतं, म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला समजावतोय.

२० डिसेंबर

आता कळलं.

काल रात्रपाळीला मुलगी थांबली, मी घरी आलो. पहाटे साडेपाचला उठलो आणि बाहेर गेलो. जाळीच्या दारापाशी तीन अंश. दार उघडलं, घंटी गप्प. पुन्हा उघडलं, गप्प. सात वेळा. मग तिचं मीटर काढलं, तिचंच, कपाटात तिच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेलं. सेल नुसता मोजला तर जवळजवळ तीन व्होल्ट. डबीने संदेश सोडायला जोर लावला की त्याच क्षणी पावणेदोनवर. गारठलेला, आणि मीच चाचण्या घेऊन घेऊन दमवलेला सेल. संदेश निघायच्या आधीच डबी बेशुद्ध. दुपारी ऊन लागलं की तोच सेल पुन्हा ताळ्यावर, म्हणून त्या दिवशी वाजली.

आत येऊन संगणक उघडला. सेलच्या जागी मी काय ठेवलं होतं? नुसतं तीन व्होल्ट. मागाल तेवढं देणारा, कधी न दमणारा, जगात कुठेच न मिळणारा सेल. आणि तापमानाच्या रकान्यात सत्तावीस. संगणक ते स्वतःच भरतो, आपण बदललं नाही तर सत्तावीसच राहतं. मी चाळीस वर्षांत ते शेकडो वेळा बदललंय. या वेळी हात लावला नाही. माझ्या मॉडेलमधल्या घरात कधी थंडी पडतच नव्हती.

खऱ्या सेलचं मॉडेल लिहिलं, मोजलेले आकडे घालून. तापमान तीन. चालवलं. पडद्यावरची रेघ उठली, अर्ध्यात कोसळली. त्या सकाळी दारात काय झालं ते मला संगणकाने जसंच्या तसं दाखवलं, एका आठवड्याने. मग सेलशेजारी एक मोठा कपॅसिटर जोडला, थोडी वीज साठवून ठेवणारा, नखाएवढा भाग. रेघ उठली आणि उभी राहिली. माझ्या खणात असले साठ पडलेत.

हे सगळं होईस्तोवर सव्वाआठ झाले. चहाला दूध घ्यायला फ्रीज उघडला आणि तिथेच खाली बसलो.

कंपनीत ती सेल उपाहारगृहाच्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवायची. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी, चिठ्ठीवर बाहेर काढायची वेळ. आचाऱ्याशी दर आठवड्याला कडाक्याचं भांडण, माझ्या लोण्यात तुझे सेल नकोत म्हणून. सकाळी आठला काढायची आणि थंडगार असतानाच जोर लावून मोजायची. आमचे काटे थंड गोदामांतही चालायचे ते त्यामुळे. मी हे कसं विसरलो? विसरायचा आजार तिला झालाय ना?

तिला सेल कुठला हे कळत होतं. दार बाहेर आहे हे कळत होतं. तोंडातून शब्द निघत नव्हते म्हणून तिने करून दाखवलं, एकदा नाही, दोनदा. आणि मी ते आजाराच्या यादीत लिहिलं.

खूप रडलो. फ्रीज वाजायला लागला, दार उघडं राहिलंय म्हणून.

२४ डिसेंबर

हाडांच्या डॉक्टरांनी आज स्पष्ट सांगितलं. वय, कफ, आणि व्यायाम सांगितला तर तिला तो समजत नाही, लक्षात राहत नाही. ती आता चालणार नाही.

मी लगेच म्हटलं, कागद आण, सही करतो. पैज हरलो. मुलीने तिथूनच निवासाला फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती, मला इथे ऐकू येत होतं. आमच्याकडे हिंडतीफिरती माणसंच घेतो हो, अंथरुणाला खिळलेल्यांची सोय नाही.

मुलीने फोन ठेवला. बराच वेळ ती भिंतीवरच्या सूचना वाचत होती. मग म्हणाली, "तुम्हाला ती घरीच हवी होती ना, बाबा?"

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

५ जानेवारी

काल ती घरी आली. खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावली आहे. सकाळी एक नर्सबाई येतात, कूस बदलायची कशी ते मला शिकवतात. मी वाईट विद्यार्थी आहे, पाठीत उसण भरली.

दुपारी मुलगी स्क्रूड्रायव्हर घेऊन जाळीच्या दाराकडे निघाली. "हे काढून टाकते. आता कशाला हवंय?"

"थांब," म्हटलं. "सेल तिने काढला नव्हता."

मग सगळं सांगितलं. सत्तावीस अंश, खोटा सेल, गारठलेला सेल, फ्रीजमधल्या चिठ्ठ्या, माझ्या हातावरची चापट. ती दारात उभी राहून ऐकत होती. जाळीतून ऊन तिच्या अंगावर पडलं होतं.

"म्हणजे आई सांगत होती."

"हो."

"आणि मी तिच्यावरच ढकललं."

"तू नाही. तू म्हणालीस, आणि मी मान डोलावली. तीन आठवडे."

मला वाटलं आता ती बोलेल, जे काय बोलायचं ते. ती आत आली, खाटेशी खाली बसली आणि आईच्या पोटावर डोकं टेकून रडली. "चुकलं ग आई," एवढंच म्हणत होती. बायको तिच्या केसांवरून हात फिरवत होती. "कुणाची ग तू?" म्हणाली. "रडू नको. येतील घ्यायला."

जाताना मुलगी माझ्याकडे न बघता उद्या येते म्हणाली. डबी तिने काढली नाही. मीही नाही.

६ जानेवारी

एक गोष्ट काल मुलीला सांगितली नाही, आणि सांगणारही नाही. फक्त इथे लिहितो.

दोन वर्षं मी नीट झोपलो नव्हतो. जरा खुट्ट झालं की उठून दाराकडे धाव. अर्धा कान कायम कडीपाशी. ती घरी आल्यापासून दोन रात्री झाल्या, आणि दोन्ही रात्री मी अंथरुणाला पाठ टेकली ती थेट सकाळी उठलो. दचकलो नाही, कूसही बदलली नाही. ती कुठे जाणार नाही हे माझ्या अंगाला कळलंय.

आज डोळे उघडले तेव्हा ऊन तिच्या खाटेवर आलं होतं. ती जागी होती, कधीपासून कोण जाणे. चादर घामाने ओली झाली होती आणि तिला ती बाजूला सारता येत नव्हती. मला बघून हसली, कुणी परका माणूस खोलीत आल्यावर आपण हसतो तशी. मी चादर बदलली, तोंड पुसलं, पाणी पाजलं. अंग हलकं होतं माझं, डोकं स्वच्छ. लाज वाटते लिहायला, पण मला छान झोप लागली होती. कितीतरी दिवसांनी, फार छान झोप लागली होती.